काळी एक आणि साडेएकोणपन्नास

स्वस्तात वस्तू मिळाली की मला रात्री झोप छान लागते. बायको याला रोग म्हणते, मी छंद म्हणतो. तर मंडळी, मागच्या दिवाळीत असाच एक 'सौदा' जमला. कॅसेटचं गाणं कॉम्प्युटरवर उतरवणारा यूएसबी कन्व्हर्टर, साठ टक्के सूट, १,१४९ रुपये, घरपोच. मी पत्ता अमरावतीचा दिला, कारण ज्या कॅसेटसाठी हा खटाटोप होता ती आईच्या कपाटात होती.

कॅसेट साठ मिनिटांची. ए बाजूला माझे अकोल्याचे आजोबा, म्हणजे आईचे वडील. १९८६ च्या कोजागिरीला जुन्या शहरातल्या घराच्या गच्चीवर भजन झालं, ते मामांनी रेकॉर्ड केलेलं. आजोबा जिनिंग फॅक्टरीत हिशेबनीस होते, पण मन मोझरीला. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम काढला, तेव्हापासून वऱ्हाडात गावोगावी खंजिरी वाजायला लागली, तशीच आमच्याही घरात वाजायची. १९८८ ला आजोबा गेले. त्यांचा आवाज आता जगात एवढ्या एका फितीवर आहे.

आणि बी बाजू? तिथंही भजनंच होती. १९९२ च्या विश्वचषकात एका अकरा वर्षांच्या हुशार मुलाने त्यावर रेडिओची कॉमेंट्री रेकॉर्ड केली. कॅसेटच्या मागची प्लास्टिकची खुट्टी कोणी मोडली नव्हती, त्यामुळे मशीनने अडवलं नाही. आईने तेव्हा मला मारलं नाही, नुसती बघत राहिली. मारलं असतं तर बरं झालं असतं. असो.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मी कामाला बसलो. सॉफ्टवेअर आपलं ऑडॅसिटी. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग या दोघांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू केलेलं, २००० साली बाहेर आलेलं, आणि मुख्य म्हणजे फुकट. (रोग!) अर्ध्या तासाचं भजन उतरलं, सुमारे तीनशे एमबीची फाइल झाली. मागे सतत 'घूंऽऽ' असा आवाज होता. भजन सुरू होण्याआधीचे दोन सेकंद निवडून सॉफ्टवेअरला दाखवले, 'हा कचरा', आणि नॉइज रिडक्शन मारलं. घूं गायब! एमपीथ्री केली आणि मूळ फाइल शिफ्ट-डिलीट. कॉलेजात चाळीस जीबीच्या डिस्कवर दिवस काढलेत, ती सवय अजून जात नाही.

मोठ्या थाटात आईला ऐकवलं. ती पदराला हात पुसत आली, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "हे बाबा नाहीत."

"अगं, कॅसेटवर तूच लिहिलंय ना नाव!"

"लिहिलं असंल. पन हे कोनतं पोरगं गाऊन राह्यलं?" आणि ती करंज्या तळायला निघून गेली.

मी पुन्हा ऐकलं. खरंच, आवाज पातळ होता, लय जरा घाईची. कॅसेट फिलिप्सने १९६३ मध्ये आणली तेव्हापासून तिचा वेग ठरलेला आहे, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. मोटर त्यापेक्षा जोरात फिरली की लय आणि सूर दोन्ही चढतात. माझा साठ टक्के सूटवाला आजोबांना पळवत होता. पण किती? ते मोजायला मूळ आवाज हवा, तो मी पुसलेला. पुन्हा उतरवायला घेतलं, तर चौथ्या मिनिटाला कन्व्हर्टरने फीत खाल्ली. झाकण उघडलं तर रोलरभोवती तपकिरी गुंता.

पेन्सिल घालून एकेक आढा मागे घेताना माझे हात थरथरत होते. बी बाजू लहानपणी घालवली, ए बाजू आता, आणि तीही अकराशे रुपयांत. फीत तुटली नाही, पण बोटभर लांबीची चुरगळली. आईला सांगायची हिंमत त्या दिवशी झाली नाही.

मग जुन्या वस्तूंच्या साइटवर चांगला कॅसेट डेक शोधला. एक अकोल्यातच निघाला, अडीच हजार. भाऊबीजेला मामांकडे जायचंच होतं. अमरावती-अकोला रस्ता म्हणजे पूर्वी कमरेची परीक्षा होती. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. बडनेरा, मूर्तिजापूर करत गाडी सुसाट गेली, कॅसेट माझ्या शर्टाच्या खिशात.

डेकवाले काका निवृत्त होते. मी सवयीने अठराशेपासून सुरुवात केली. ते म्हणाले, "भाऊ, काय वाजवाचं हाय यावर?" मी सांगितलं. त्यांनी स्पिरिट लावलेल्या कापसाने डेकचं हेड पुसलं, स्वतःची एक कॅसेट लावून दाखवली, आणि "दोन हजार दे, पन याले धुळीत ठेवू नोको" म्हणाले. मी पुढे घासाघीस केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा बहुतेक :-)

मामांच्या घरी डेक जोडला, कॅसेट लावली आणि श्वास रोखून बसलो. अर्धा तास नीट गेला. फक्त चुरगळलेल्या जागी आवाज तीनेक सेकंद पाण्यात बुडाल्यासारखा झाला. फाइलच्या लगेच तीन प्रती केल्या.

आता माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. ती 'घूं' म्हणजे काय? टेपरेकॉर्डर विजेवर चालत होता, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण फितीवर उतरलेली. म्हणजे त्या रात्रीचं घड्याळच की! ज्याला मी कचरा म्हणून पुसलं तीच मोजपट्टी होती. ऑडॅसिटीत 'प्लॉट स्पेक्ट्रम' उघडलं. टोक ५१ वर, त्याची तिप्पट १५३ वर. माझ्या चार्जरची गुणगुण असती तर ५० वर आली असती, तरी चार्जर काढून पुन्हा रेकॉर्ड केलं. टोक जागचं हललं नाही. म्हणजे हा डेकही दोन टक्के जोरात पळतो. 'चेंज स्पीड'मध्ये दोन टक्के कमी केले आणि मामांना विजयी मुद्रेने हाक मारली.

मामांनी ऐकलं, मान तिरकी केली, आणि आतून पेटी आणली. तीच, त्या कोजागिरीला त्यांनी साथीला वाजवलेली. भाता हलवून काळी एकचा सूर धरला. रेकॉर्डमधल्या पेटीचा सूर आणि समोरच्या पेटीचा सूर एकत्र आले, आणि खोलीत 'वांऽव वांऽव' लहरी उठायला लागल्या, सेकंदाला जवळपास तीन.

"अजून चढलेलं हाय," मामा म्हणाले.

"मामा, गणित बरोबर आहे हो. ५१ भागिले ५०."

"तुह्यं गणित बरोबर असंल. पन बाबा काळी एकमंदी गात, अन् पेटी मीच वाजवून राह्यलो होतो ना बे."

दोन सुरांत सेकंदाला तीन लहरी म्हणजे तीन हर्ट्झचा फरक. काळी एक पावणेतीनशेच्या आसपास, म्हणजे अजून साधारण एक टक्का. मी वेग आणखी तेवढा उतरवला. लहरी मंदावल्या, लांबल्या आणि थांबल्या. दोन पेट्यांची एक पेटी झाली.

चूक भागाकारात नव्हती, ५० मध्ये होती. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की वीजकेंद्रातली जनित्रं दमतात, मंद फिरतात आणि सगळ्या जाळ्याची वारंवारता घसरते. त्या काळात ती पन्नासच्या खाली बऱ्याचदा असायची. जुलै २००२ मध्ये पश्चिम विभागात वारंवारतेशी पैसे जोडणारी दरपद्धत आली, त्यानंतर शिस्त लागली. हिशेब उलटा केला तर त्या कोजागिरीला मामांच्या गच्चीवर वीज येत होती साडेएकोणपन्नास हर्ट्झने. आणि माझी ती पहिली एमपीथ्री? पेटीशी ताडून पाहिली, सहा टक्के वर, जवळजवळ एक अख्खी पट्टी. आईला हे कोणत्याही आलेखाशिवाय दोन मिनिटांत कळलं होतं.

अमरावतीला परत आलो. आधी फीत चुरगळल्याचं कबूल केलं. आई काही बोलली नाही, म्हणाली, "लाव." आजोबांनी खंजिरीवर थाप मारली, खाकरले आणि गायला लागले. आई खुर्चीत बसली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. पाण्यात बुडालेले ते तीन सेकंद आले तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. त्या जागी पहिल्या फाइलमधला तुकडा उतरवून जोडता आला असता. मी विचारलं, जोडू का?

"नोको. आहे तसंच राहू दे." थोड्या वेळाने, "मागं घूं कशाचं रे?"

"लाइटीचं. काढून टाकू?"

"कायले? गच्चीवर तवा असंच वाजे."

तो कन्व्हर्टर मी जुन्या वस्तूंच्या साइटवर विकायला टाकलाय. किंमत तीनशे. वर्णनात खरं तेच लिहिलंय: सहा टक्के जोरात पळतो, फीत खातो. अजून कुणाचा फोन आलेला नाही.