पांढऱ्या चिंदीचा हट्ट

स्पर्धेच्या रायफलचं बॅरल गोळ्या झाडून जेवढं झिजतं त्याहून जास्त ते साफ करताना खराब होतं, असं माझं मत आहे. हे मी सरसकट सगळ्या बंदुकांना लावत नाही. मी बोलतोय ते .22 च्या, 50 मीटरवरच्या स्पर्धेसाठी बनवलेल्या रायफलबद्दल. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली आणि स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसला थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, ते ह्याच जातीच्या रायफलवर. ह्या खेळातलं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं आणि गोळी 5.6 मिलिमीटरची. पुढची वर्तुळं आठ-आठ मिलिमीटरवर. फायनलला गुण दशांशात मोजतात, म्हणजे एका दशांशाची किंमत 0.8 मिलिमीटर. स्वप्नीलचे त्या फायनलमधले 451.4 गुण ह्या असल्या दशांशांतूनच जमलेले आहेत. इतक्या बारीक हिशेबात बॅरलच्या आतल्या पृष्ठभागाला धक्का लावण्याआधी माणसाने दोनदा विचार करायला हवा, आणि नेमका तो विचार आपण करत नाही. सरावाहून आलं की रॉड हातात घ्यायचा, चिंदी पांढरी बाहेर येईपर्यंत घासत राहायचं, ह्याला आपण शिस्त म्हणतो.

बॅरलच्या आत काय असतं ते आधी पाहू. साधारण 65 ते 69 सेंटिमीटर लांबीची पोलादी नळी, आत पिळाचे आटे. .22 मध्ये हा पीळ सहसा 16 इंचांत एक फेरा घेतो, त्यामुळे गोळी बाहेर पडते तेव्हा सेकंदाला आठशेच्या आसपास गिरक्या घेत असते. ज्या उंचवट्यांना धरून ती फिरते त्यांची उंची जेमतेम 0.06 मिलिमीटर, केसाच्या जाडीएवढी. सगळी करामत तेवढ्यात आहे. आता झिजेचं पाहा. .22 च्या काडतुसातली दारू सोनाराच्या एका गुंजेइतकीही भरत नाही. गोळी उघड्या शिशाची, वरून मेणासारखं वंगण लावलेली, आणि वेग ध्वनीपेक्षा कमी. शेजारी .308 चं मोठं काडतूस ठेवा: दारू जवळपास तीन ग्रॅम, दाब अडीच पटींहून जास्त, गोळीला तांब्याचं कवच. तिथे चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, पुढचा घसा आगीनेच जळतो, पोलादाला बारीक भेगा पडतात आणि काही हजार गोळ्यांत बॅरलचा नेम ढिला पडतो. .22 च्या चांगल्या बॅरलचं आयुष्य मात्र सहसा लाखांत मोजतात. मऊ शिसं, मेण आणि चिमूटभर दारू मिळून पोलादाचं फारसं काही बिघडवू शकत नाहीत. अशा बॅरलमध्ये पोलादाला ओरखडा काढील असं काही रोजच्या रोज शिरत असेल, तर ते आपल्याच हातातून शिरतं.

मग ही घासण्याची सवय आली कुठून? लष्करातून, आणि तिथे ती अगदी योग्य होती. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मागे पोटॅशियम क्लोराइड राहायचं, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. तो हवेतलं पाणी ओढायचा आणि एका रात्रीत नळी गंजायची. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात, म्हणून .303 च्या नळीत उकळतं पाणी ओतायचे, मग चिंदी फिरवायचे. 1920 च्या दशकापासून न गंजवणाऱ्या टोप्या आल्या, स्पर्धेच्या .22 काडतुसांतून क्लोरेट कधीच गेलं, पण नियम राहिला. एनसीसीत ज्यांनी .22 हाताळली त्यांना पुलथ्रू, म्हणजे चिंदी अडकवून नळीतून ओढायची दोरी, आठवत असेल, आणि चिंदीचं मापही: सफाईला चार बाय दोन इंच, तेलाला चार बाय दीड. त्याच धड्यात आणखी एक सूचना असते, दोरी सरळ ओढा, नळीच्या तोंडाला घासू देऊ नका. ह्या सूचनेमागे ब्रिटिश फौजेने खाल्लेल्या खस्ता आहेत. धूळ बसलेली दोरी रोज एकाच बाजूने तिरकी ओढली गेली की ती नळीच्या तोंडाशी करवतीसारखी खाच पाडते. ह्या झिजेला त्यांच्या शस्त्रकारांनी ‘कॉर्डवेअर’ असं वेगळं नावच दिलं होतं. सुताच्या दोरीने पोलाद कापलं जातं, ह्याहून मोठा पुरावा मला लागत नाही. गंमत अशी की धड्यातली चिंदी आपण लक्षात ठेवली, दोरी विसरलो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: ब्रश काशाचा, चिंदी सुती, रॉडला प्लॅस्टिकचं आवरण, पोलादापेक्षा मऊ वस्तूने पोलाद कसं झिजेल? उत्तर बॅरल बनवणाऱ्यांच्या कारखान्यातच आहे. उत्तम बॅरलला शेवटचा हात देताना ते नळीच्या आतच शिसं ओतून त्याचा बोळा तयार करतात, त्याला घासणारी बारीक पूड लावतात आणि तो मागेपुढे फिरवतात. शिशाएवढा मऊ धातू दुसरा शोधावा लागेल, पण पोलाद गुळगुळीत होतं ते त्याच्याच साहाय्याने, कारण कापते ती पूड आणि शिसं तिला नुसतं धरून ठेवतं. शिवाय हे काम झालं की दोन्ही टोकांचा थोडा भाग ते कापून टाकतात. बोळा टोकाशी बाहेर-आत होतो तिथे नळी कर्ण्यासारखी किंचित फाकते, हे त्यांना ठाऊक असतं. आपण टोक कापत नाही. आपल्या मऊ चिंदीत आणि मऊ रॉडवर ती पूड कुठून येते? रेंजवरची धूळ असतेच, आणि .22 च्या बऱ्याच काडतुसांच्या स्फोटक मिश्रणात काचेचा चुरा घातलेला असतो, घोड्याच्या आघाताने घर्षण होऊन ठिणगी पडावी म्हणून. काच बॅरलच्या पोलादापेक्षा कठीण असते. तो चुरा झाडल्यावर चेंबरच्या पुढेच सांडतो. त्यावरून रॉड मागेपुढे सरकवला की कारखान्यातलंच काम आपण घरी करतो, फक्त मोजमाप न करता आणि भलत्या जागी.

चिंदी पांढरी आली की बॅरल साफ, ह्या समजुतीचंही तसंच आहे. चिंदी फार विश्वासू साक्षीदार नाही. पितळी जॅगवर, म्हणजे रॉडच्या चिंदी धरणाऱ्या टोकावर, तांबं विरघळवणारा द्राव लावलेली चिंदी चढवली की जॅगच विरघळून ती निळी पडते आणि माणूस बॅरलमध्ये नसलेलं तांबं काढत बसतो. .22 च्या शिशाच्या गोळीत तर तांब्याचा प्रश्नच येत नाही. काळा रंग जवळजवळ कायम येत राहतो, कारण त्यात काजळी असते तसं गोळीवरचं वंगणही असतं, आणि ते वंगण बॅरलमध्ये असावंच लागतं. बिडाचा तवा ज्या घरात आहे तिथे हे समजावून सांगावं लागत नाही. तवा चकचकीत घासला की पहिली दोन-तीन घावनं तव्यालाच राहतात. बॅरल कोरडंठाक केलं की पहिल्या गोळ्या इकडेतिकडे जातात, वंगणाचा थर पुन्हा बसेपर्यंत. कोणाला पाच गोळ्या लागतात, कोणाला वीस. ते बॅरल आणि काडतूस दोघांवर अवलंबून आहे, आणि शोधायची पद्धत सोपी आहे. एकाच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली, काडतुसं घ्यायची, रायफल टेकवायची, दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावरच्या छिद्रांचे पुंजके, मारायचे आणि शेवटच्या सफाईपासून किती गोळ्या झाल्या ते प्रत्येक ग्रुपशेजारी लिहायचं. लापुआ ह्या काडतुसं बनवणाऱ्या कंपनीच्या जर्मनीतल्या श्योनेबेकच्या केंद्रात नेमबाजाचं बॅरल शिकंज्यात धरून लॉट तपासतात, तेही मुळात हेच. माणसाचा हात बाजूला काढला की कागद काय ते बोलतो. आपल्याकडे स्पर्धेची काडतुसं परदेशातून येतात, त्यामुळे थर बसवायला उडवलेल्या वीस गोळ्या कोणालाच फुकट पडत नाहीत.

इतकं वाचून कोणी रॉड माळ्यावर टाकणार असेल तर थांबा. ‘.22 कधीच साफ करू नका’ म्हणणाराही एक पंथ आहे आणि तो मला पटत नाही. काडतुसाचं पितळ जिथे संपतं त्याच्या लगेच पुढे, चेंबरच्या मुखाशी, जळक्या काजळीचं आणि काचेच्या चुऱ्याचं कडं बसतं. वंगण सगळ्या नळीत पसरतं, हे कडं मात्र एकाच जागी वाढतं आणि दगडासारखं होतं. मऊ शिशाची गोळी त्यातून जाताना खरवडली जाते आणि चांगले जमणारे ग्रुप कारण नसताना विस्कटायला लागतात. म्हणजे घाण अडीच सेंटिमीटरच्या पट्ट्यात आणि आपण घासतो सत्तर सेंटिमीटर! माझी पद्धत ह्या पट्ट्यापुरती आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढायचा, बॅरलचं तोंड थोडं खाली झुकवून रायफल स्टँडवर ठेवायची, म्हणजे द्राव ट्रिगरमध्ये आणि लाकडाच्या सांध्यात उतरत नाही. मागून बोअर गाइड बसवायचा. ही साधी नळी रॉडला मधोमध धरते, नाहीतर रॉड वाकून नेमका चेंबरच्या तोंडाशी घासतो. द्रावात भिजवलेली एक चिंदी आरपार ढकलून पंधरा मिनिटं थांबायचं. मग काशाचा ब्रश त्या कड्यापर्यंतच न्यायचा आणि तिथल्या तिथे हाताने आठ-दहा वेळा गोल फिरवायचा. पुढे कोरड्या दोन-तीन चिंद्या, प्रत्येक वेळी मागून पुढे. चिंदी तोंडाबाहेर पडली की उघडा रॉड हलक्या हाताने परत. दर फेरीला रॉड पुसायचा, कारण आत्ताच आपण ज्याला पूड म्हटलं ती त्याच्या अंगाला लागलेली असते. एवढं झालं की चिंदी करडी असली तरी मी थांबतो. बॅरलच्या तोंडाची कड, क्राउन, तिला तर कापसाच्या बोळ्याशिवाय काही लावत नाही. गोळीचा बॅरलशी शेवटचा संबंध तिथे सुटतो. कड एका बाजूने जराशी खाल्ली गेली की मागचा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढुशी मिळते.

कोकण-मुंबईकडच्यांचा आक्षेप जास्त वजनदार आहे. जुलैत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते, तिथे पोलादाचं काय? पण गंज रोखणं आणि घासणं ही दोन वेगळी कामं आहेत. तेलाचा पुसट हात दिलेली एक चिंदी आरपार गेली की गंजाचं काम भागतं. रेंजवर पहिली गोळी भरण्याआधी कोरडी चिंदी फिरवून ते तेल काढलं की झालं. पावसाळ्यात खरा घात करते ती फोमची पेटी. फोम ओल धरून ठेवतो आणि रायफल महिनाभर ओल्या गादीवर झोपते. ती बाहेर कोरड्या जागी उभी ठेवली तर निम्मी काळजी मिटते.

उरला बेंचरेस्टवाल्यांचा, म्हणजे मोठ्या काडतुसाची रायफल टेबलावर टेकवून मारणाऱ्यांचा, मुद्दा. ते दर पंधरा-वीस गोळ्यांनी साफ करतात आणि जगातले सगळ्यात लहान ग्रुप त्यांचेच असतात. खरं आहे. पण त्यांच्या गोळीला तांब्याचं कवच असतं, ते नळीत साचतं आणि काढावंच लागतं. शिवाय त्यांचं बॅरल घशाकडून जळून निकामी होणारच असतं, तेव्हा सफाईची थोडी झीज त्या हिशेबात दिसतही नाही. आणि गाइडशिवाय रॉड घालणारा बेंचरेस्टवाला विरळाच. एक गोष्ट मात्र मला कबूल करायला हवी: सफाईने झालेलं नुकसान सिद्ध करणं कठीण आहे. हल्ली स्वस्तातला बोअरस्कोप फोनला जोडून आत डोकावता येतं, आणि जो डोकावतो तो घाबरतो, कारण उत्तम नेम असलेल्या बॅरलमध्येही यंत्राच्या खुणा आणि ओरखडे दिसतातच. ओरखडा दिसला म्हणजे ग्रुप बिघडला असं नाही. म्हणून बोअरस्कोपने मी फक्त ते कडं बसलंय की नाही एवढंच पाहतो, बाकीचा निवाडा वहीतल्या ग्रुपांवर सोडतो. ग्रुप फाकेपर्यंत रॉड काढायचा नाही.

तोवर त्याला नीट ठेवावं मात्र लागतं. कोपऱ्यात तिरका टेकवलेला रॉड वर्षभरात बाक धरतो, आणि बाकदार रॉडपुढे बोअर गाइडचंही काही चालत नाही. एका तुकड्याचा रॉड कोणत्याच कपाटात मावत नाही; नळकाम झाल्यावर उरलेला पीव्हीसी पाइपाचा मीटरभराचा तुकडा दाराच्या मागे उभा ठोकला, खालून बूच लावलं आणि रॉड मुठीवर आत लोंबत ठेवला की तो सरळही राहतो आणि धुळीपासून लांबही.