दोन तोळ्यांचा वाटसरू

नवरात्राच्या सुमारास ओल्या रानात शेपूट हलवत धोबी पक्षी उतरतात. त्यांतला पिवळ्या डोक्याचा धोबी सायबेरियाकडून हिवाळा काढायला येतो. वजन जेमतेम दोन तोळे! पण इकडं यायच्या दिवसांत त्याची काही पोरं पार पश्चिमेला भरकटतात. याचं मला फार वाटतं.

स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात फेअर आयल नावाचं बेट आहे. लांबी पाचेक किलोमीटर, वस्ती शंभराच्या आत, मेंढ्या पाळणारी. सप्टेंबर-ऑक्टोबरात पूर्वेचा वारा सुटला, की दमलेली पाखरं तिथल्या दगडी बांधांच्या आडोशाला उतरतात. महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना जॉर्ज वॉटरस्टन यांनी तिथं पक्षिनिरीक्षण केंद्र काढायचा बेत केला आणि १९४८ मध्ये तो तडीस नेला. ब्रिटनमधला पहिला पिवळ्या डोक्याचा धोबी तिथंच १९५४ च्या सप्टेंबरात सापडला. पहिल्या वर्षीचं पिल्लू असतं करडं, डोकं पिवळं नसतंच. तरी ओळखलं, धन्य त्या डोळ्यांची!

बांधालगतच्या जाळीच्या नरसाळ्यात पाखरं अडकवतात, तोलतात, पायात हलकं कडं घालून सोडून देतात. बहुतेकांचा पुढं पत्ता लागत नाही. बेटाच्या पश्चिमेला नुसता अटलांटिक पसरला आहे.