विसार

नगरला आमच्या घरापासून चर्चकडे जाताना वाटेत एक पतसंस्था लागायची. दारावर पिवळ्या अक्षरांत पाटी होती : सोने तारण कर्ज मिळेल. रविवारी ती पाटी वाचून पुढे गेलं की दहा मिनिटांत तोच शब्द पाळकसाहेबांच्या तोंडून ऐकू यायचा. तारण. नुकतं वाचायला शिकलेल्या मला वाटायचं, दोन्हीकडे एकच व्यवहार चालत असणार.

आजीच्या दोन पाटल्या त्या संस्थेत होत्या. आजोबांच्या दुखण्यात ठेवलेल्या. पावतीची चौपदरी घडी तिनं तिच्या पवित्र शास्त्रात, इब्री लोकांस पत्राच्या पानांत ठेवली होती. व्याज थकलं, एक नोटीस आली, दुसरी आली, आणि पाटल्या लिलावात गेल्या. आजी त्यावर काही बोलली नाही. पावतीही तिनं फेकली नाही. घडीच्या रेषा तपकिरी होऊन कागद तिथे फाटायला आला होता.

त्याच सुमारास एका रविवारी इब्रीचा सहावा अध्याय वाचला गेला. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची चव घेतली, ते जर पतित झाले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापापर्यंत आणणं अशक्य, असा त्याचा आशय. मला सगळं कळलं नाही, पण "अशक्य" कळलं. परतताना पाटीखाली मी थांबले. "आजी, व्याज थकलं तर आपलं ते तारण पण जातं का गं?"

ती बराच वेळ चालत राहिली. मग म्हणाली, "इथं सोनं मी ठेवलं होतं, बाळा. तिथं मी काय ठेवलंय?"

पुढे कळलं की या प्रश्नावर माणसं शतकानुशतकं झगडली आहेत. योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की माझी मेंढरं माझ्या हातून कोणी हिसकावून घेणार नाही; आणि त्याच बांधणीत, थोडी पानं पुढे, इब्रीचा तो सहावा अध्याय आहे. हॉलंडात आर्मिनियसच्या अनुयायांनी 1610 साली आपली पाच कलमं मांडली. पाचव्या कलमात, तारलेला माणूस अखेर गळून पडू शकतो का, हे शास्त्रातून आणखी शोधून पाहावं लागेल, असं त्यांनी लिहिलं. त्या थांबण्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. 1618-19 मध्ये डॉर्टच्या धर्मसभेनं निकाल दिला : देव आपल्या निवडलेल्यांना गळू देत नाही. पुढच्या शतकात जॉन वेस्लीनं उलट शिकवलं, गमावता येतं म्हणून जागे राहा. दोन्ही बाजूंची माणसं प्रामाणिक होती, दोघांच्याही शास्त्राची पानं झिजलेली होती.

पण वादापेक्षा मला एक माणूस जास्त छळतो. विल्यम कूपर, इंग्रज कवी. 1763 मध्ये मन पार कोसळलं, जीव द्यायचे प्रयत्न झाले, सेंट ऑल्बन्सला वेड्यांच्या डॉक्टरकडे ठेवावं लागलं. तिथेच 1764 मध्ये, बागेतल्या बाकावर पडलेलं बायबल उचलून त्यानं चाळलं, पुढे रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय उघडला, आणि त्याच्यावर उजाडलं. नंतर ओल्नी या लेस विणणाऱ्यांच्या गावात तो जॉन न्यूटनच्या शेजारी राहिला. दोघांनी मिळून गीतं रचली. 1779 मध्ये छापलेल्या त्या पुस्तकात 348 गीतं आहेत. देव गूढ मार्गांनी आपली कामं करतो, हे त्याचं गीत आमच्याकडच्या इंग्रजी उपासनेत मी कितीदा उभं राहून म्हटलं आहे.

1773 च्या हिवाळ्यात त्याला एक स्वप्न पडलं. लॅटिनमधल्या मोजक्या शब्दांत त्याला सांगितलं गेलं की तुझं संपलं, तुझा नाश झाला. त्यानंतर सत्तावीस वर्षं तो जगला, पण उपासनेला पुन्हा गेला नाही. आणि सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट अशी की, देव आपल्या माणसांना सोडत नाही या शिकवणीवर त्याचा विश्वास कायम होता. सोडलं ते फक्त मला, असं तो मानत राहिला. सगळ्या जगासाठी खरा असलेला नियम एका माणसापाशी येऊन थांबला होता.

आजीचं उत्तर मी त्याच्यापुढे ठेवून पाहिलं आहे. त्याला ते पटलं असतं, आणि उपयोग झाला नसता.

त्या काळोखात त्यानं ससे पाळले. 1774 मध्ये शेजारच्या मुलांकडून एक रानससा आला, मग आणखी. पस, टायनी आणि बेस या तिघांबद्दल त्यानं पुढे एका मासिकात लिहिलं. पस तीन दिवस आजारी होता, कूपरनं त्याची शुश्रूषा केली. बरा झाल्यावर सशानं त्याचा हात चाटला : आधी मागची बाजू, मग तळवा, मग एकेक बोट, मग बोटांमधल्या फटी. देवानं आपल्यावरून हात काढला असं मानणाऱ्या माणसानं आपल्या हाताची ही हकीकत इतक्या बारकाईनं नोंदवून ठेवली. ते वाचताना दर वेळी माझा गळा दाटतो.

मृत्यूच्या आदल्या वर्षी, 1799 मध्ये, त्यानं केप हॉर्नजवळ जहाजावरून वाहून गेलेल्या एका खलाशावर कविता लिहिली. सोबती दोर टाकतात, पिंप टाकतात, पण वादळात जहाज वळवता येत नाही. तारणे म्हणजे पार नेणे, बुडत्याला वर काढणे; आणि ती कविता न तारलेल्याची आहे. तिच्या शेवटी कूपर स्वतःला त्या खलाशापेक्षाही खोल पाण्यात ठेवतो.

मग मी काय मानते? पौलाच्या पत्रांत तीनदा एक बाजाराचा शब्द येतो. देवानं आपल्याला पवित्र आत्मा दिला तो कशासारखा, तर विसारासारखा. घोडेगावच्या बाजारात बैल ठरला की देतात तो विसार. घेणारा मागे फिरला तर विसार त्याचा बुडतो, विकणाऱ्याचा नाही. आणि बैल लंगडा आहे हे पाहून, पायावरून हात फिरवून ज्यानं विसार दिला, त्याला पुढे लंगडेपणाची तक्रार करता येत नाही. मी लंगडत आले आहे. देणाऱ्यानं ते पाहिलं होतं, यावर माझा सगळा भार आहे. इब्रीचं पान मी तरीही वगळत नाही, तिथे पोचले की आवाज बारीक होतो. आजीचं शास्त्र आता माझ्याकडे आहे, पावती त्याच पानांत आहे.

कूपरचं एक दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. घरात जेवणाआधी प्रार्थना व्हायची. बाकीचे मान लववायचे, आणि तो आपल्या जागी बसून सुरी-काटा हातात घ्यायचा. या प्रार्थनेत आपला वाटा नाही हे दाखवायला. मी त्या टेबलाशी मेरी अनविनला पाहते. वर्षानुवर्षं तिनंच त्याला सांभाळलं, स्वतःला अर्धांगवायूचा झटका येईपर्यंत. तो सुरी-काटा धरून बसलेला आहे हे तिला माहीत आहे. प्रार्थना संपते. आशीर्वाद मागितला गेला तो टेबलावरच्या सगळ्या अन्नावर, आणि त्यातलंच ती त्याच्या ताटात वाढते.