जुळणाऱ्या ओळी

"यूएटीवर चालतंय, प्रॉडवर चालत नाहीये." हे वाक्य कानावर पडलं की पुढचं मला पाठ आहे. कुणीतरी टेस्टच्या (यूएटी) आणि खऱ्या (प्रॉड) अशा दोन्ही सर्व्हरच्या कॉन्फिग फाइल्स शेजारी शेजारी उघडतं, तुलना करणारं टूल चालवतं आणि स्क्रीन लाल-हिरवी होऊन जाते. अर्धी टीम मागे उभी राहून बोट दाखवायला लागते. त्या रंगांपैकी बरेचसे खोटे असतात. एक फाइल विंडोजवर सेव्ह झालेली असते, म्हणून तिच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा अक्षर असतं. नाहीतर कुणीतरी टॅबच्या जागी स्पेस दिलेली असते, किंवा ओळी वरखाली केलेल्या असतात.

यात टूलचा दोष नाही. 'डिफ' नावाचं हे टूल युनिक्समध्ये आलं 1974 साली, पाचव्या आवृत्तीत. बेल लॅब्जमधल्या डग्लस मॅकिलरॉय यांनी जेम्स हंट यांच्यासोबत त्याची पद्धत 1976 मध्ये लिहून काढली. ती मला फार आवडते, कारण डिफ फरक शोधतच नाही. दोन्ही फाइल्समध्ये त्याच क्रमाने येणाऱ्या समान ओळींची सर्वांत लांब साखळी तो शोधतो आणि उरलेलं आपल्यापुढे टाकतो. खरं काम साम्याचं, दाखवतो मात्र शिल्लक.

त्याला ओळी कळतात, अर्थ कळत नाही. पोस्टग्रेसचंच घ्या. एका फाइलमध्ये 'वर्क_मेम' हे मेमरीचं सेटिंग 4 एमबी लिहिलंय, दुसरीत 4096 केबी, तिसरीत ती ओळ हॅश लावून बंद केली आहे. डिफच्या लेखी तिन्ही वेगळ्या. डेटाबेसच्या लेखी तिन्ही एकच, कारण डीफॉल्टही 4 एमबीच आहे. पण म्हणून निर्धास्त राहू नये. हा डीफॉल्ट 9.4 आवृत्तीच्या आधी 1 एमबी होता. ज्याने आकडा स्वतः लिहिला होता त्याचा अपग्रेडनंतरही तोच राहिला. ज्याने ओळ बंद ठेवली त्याचा गुपचूप चौपट झाला.

क्रमाचंही तसंच. ओळी आधी सॉर्ट करा आणि मग जुळवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. पोस्टग्रेसच्या मुख्य फाइलमध्ये एकच सेटिंग दोनदा आलं तर शेवटचं लागू होतं. कुणाला कुठून आत घ्यायचं हे ठरवणाऱ्या 'पीजी_एचबीए' फाइलमध्ये मात्र पहिली जुळणारी ओळ जिंकते. ही दुसरी फाइल सॉर्ट करून तुलना करणाऱ्याला मी हात जोडतो.

त्यातून फाइल म्हणजे चालू सर्व्हर नव्हे. 'ऑल्टर सिस्टिम' कमांडने केलेला बदल वेगळ्याच फाइलमध्ये जातो आणि मुख्य फाइलवर मात करतो. म्हणून मी फाइल्सच्या भानगडीत न पडता दोन्ही डेटाबेसमध्ये 'पीजी_सेटिंग्ज' विचारतो. तिथे किंमत एकाच एककात मिळते, ती डीफॉल्टमधून आली की फाइलमधून हे कळतं, आणि रीस्टार्टची वाट पाहत अडकलेला बदलही दिसतो.

एवढं सगळं नीट केलं तरी एक प्रकार डिफमध्ये कधीच दिसणार नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत घातक. पत्रिका जुळवताना दोघांची नाडी एकच निघाली की आठपैकी शून्य गुण. काही गोष्टी सारख्या असणं हाच दोष. टेस्ट आणि प्रॉडचंही तेच. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, मेल पाठवणारा सर्व्हर, पेमेंट गेटवेची की: या ओळी वेगळ्या असल्याच पाहिजेत. प्रॉडची कॉपी टेस्टवर उतरवली जाते, सगळं छान जुळतं, डिफ रिकामा येतो, पोरं खूश. मग टेस्टरने लिहिलेला "टेस्ट टेस्ट 123" हा मेल खऱ्या ग्राहकांच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतो. एका कंपनीत हे मी पाहिलंय. दिवसभर फोन वाजत होते आणि दोन कॉन्फिगमध्ये एका अक्षराचाही फरक नव्हता.

यावर उपाय जुनाच आहे, पण वापरणारे मला फार थोडे भेटले. युनिक्समधली 'कॉम' ही कमांड. दोन्ही फाइल्स सॉर्ट करून दिल्या आणि उणे बारा हा पर्याय लावला, तर ती फक्त समान ओळी छापते. क्रमाला महत्त्व नसलेल्या फाइल्ससाठी ती पुरेशी आहे. ज्या ओळी वेगळ्या असायलाच हव्यात त्यांची यादी मी आधीच करून ठेवतो आणि त्यातली एक जरी 'कॉम'च्या यादीत दिसली तरी सर्व्हर सुरू करू देत नाही. नवीन पोरांना हा अतिरेक वाटतो. वाटू दे.

तेव्हा प्रॉडची कॉपी टेस्टवर उतरवलीत, तर डिफ नंतर पाहा. आधी मेल सर्व्हरची ओळ बदला, आणि मगच सर्व्हिस सुरू करा.