ओल्या चुन्याचं देणं

आमच्या घरानं बरीच कर्जं काढली आणि एकेक करून फेडली. सोसायटीचं फेडलं, बहिणीच्या लग्नाचं फेडलं, माझ्या शिक्षणाचंही फेडलं. चुनेवाले चाचांचं तेवढं राहिलं, आणि ते फिटण्यातलं नाही.

चाचा गवंडी होते. औरंगाबादच्या बेगमपुऱ्यात आमच्यापासून चार घरं पलीकडे राहायचे. सिमेंट आलं तसा बाकीच्यांनी चुना सोडला, यांनी सोडला नाही. अंगणात त्यांची चुन्याची घाणी होती. गोल चरातून दगडी चाक फिरायचं. शेजारी खड्ड्यात विरवलेली कळी महिनोन् महिने पाण्याखाली मुरत असायची. "चुना जितका मुरेल तितका गुणी," असं म्हणत ते आम्हा पोरांना त्या खड्ड्यापासून लांब ठेवायचे.

एका पावसाळ्यात आमच्या भाड्याच्या घराची मागची भिंत बसली. वडील आजारी, पगार बंद. आई ताडपत्री बांधत असताना चाचा न बोलावता आले, भिंतीभोवती फिरले, ओळंबा सोडून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी थापी घेऊन हजर झाले. पाऊस उघडेल तेवढं काम करायचं, भुरभुर लागली की पोती पांघरून थांबायचं, असं करत त्यांनी ती भिंत उभी केली. मजुरीचा विषय आईनं काढला तेव्हा म्हणाले, "वहिनी, विटा तुमच्याच, चुना घरचा. मी फक्त हात लावला." चुनाही फुकटचा नसतो हे आईला कळत होतं. तिनं ते कायम बोलून दाखवलं, आणि आम्हा भावंडांना विसरू दिलं नाही.

त्या दिवसांत मी त्यांना सुरखी चाळून द्यायचे. विटांची ती बारीक लाल भुकटी बोटांत धरून त्यांनी मला पहिला धडा दिला. "आंख को मत पूछ, हाथ को पूछ." डोळ्याला गुळगुळीत दिसणारी भिंत हाताला खरं सांगते, असं त्यांचं म्हणणं. आणि हात लावायला शिकवण्यासाठी त्यांच्याकडे जगातली उत्तम शाळा होती. ती आमच्या घरापासून पायी अंतरावर होती.

बीबी का मकबरा लोक ताजमहालाशी ताडून बघतात आणि नाक मुरडून परत जातात. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 मध्ये इथंच वारली. तिच्यासाठी ही वास्तू उभी राहिली आणि या वास्तूच्या बांधकामाशी तिच्या मुलाचं, शाहजादा आझमशाहाचं नाव जोडलं गेलं. ताजच्या वास्तुकाराचा, उस्ताद अहमद लाहौरींचा मुलगा अताउल्ला इथला वास्तुकार, आणि हंसपतराय अभियंता. खर्चाचा आकडा 6,68,203 रुपये 7 आणे असा सांगितला जातो. जयपूरकडच्या खाणींतला संगमरवर आला तो बेताचाच. म्हणून तो खाली भिंतींच्या पायापाशी आणि वर घुमटाला लागला, मधलं सगळं काळ्या दगडावरच्या चुन्याच्या गिलाव्यानं पेललं. यालाच लोक 'गरिबांचा ताज' म्हणतात. मला ते नाव आवडत नाही, चाचांनाही आवडत नसे.

ते मला नेमकं त्या मधल्या पट्ट्याशी उभं करायचे. दगड आणि गिलावा जिथं भेटतात तो सांधा दाखवायचे. खाली संगमरवर, वर चुना, आणि रंगात फरक शोधावा लागतो. शेवटचा थर किती पातळ असतो, त्यावर ओल असतानाच अकीकाच्या दगडानं घोटाई कशी करायची, बेलफळाचा गर, गुळाचं पाणी, उडदाच्या डाळीचं पाणी कशात किती, हे ते तिथं उभे राहून सांगायचे. "संगमरवर खरेदी होतो. हे करावं लागतं," हे त्यांचं वाक्य मला आजही पटतं. पैसा कमी पडला म्हणून हुन्नर कमी पडला असं होत नाही. उलट इथं हुन्नरानंच इमारत तोलून धरली आहे. आत सज्जातून खाली पाहिलं की जाळीदार अष्टकोनी कठड्यात बेगमची कबर दिसते. तिथं मात्र ते काही शिकवत नसत. डोक्यावर रुमाल टाकून थोडा वेळ थांबत आणि बाहेर येत.

पुढं मी स्थापत्याची पदविका केली आणि जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीच्या कामात पडले. अजिंठ्यात मातीच्या गिलाव्यात भाताचा तूस आणि तंतू, त्यावर चुन्याचा पातळ हात. वेरूळच्या गिलाव्यात तर संशोधकांना भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. हे वाचताना मला नवल वाटलं नाही. गवंडी हाताशी असेल ते भिंतीच्या कामी लावतो, हे चाचांकडं पाहिलेलं होतं.

कामानिमित्त इटलीला जाणं झालं तेव्हा रावेन्नाला गेले, गाला प्लासिडियाच्या नावानं ओळखली जाणारी ती छोटी समाधी पाहायला. पाचव्या शतकातली. बाहेरून निव्वळ विटांची, बुटकी, क्रुसाच्या आकाराची. आपल्या मुलाच्या वतीनं रोमन साम्राज्याचा कारभार पाहणारी ही सम्राज्ञी 450 मध्ये रोममध्ये वारली आणि बहुधा तिकडंच पुरली गेली. पण नाव या वास्तूलाच चिकटलं. आत पाऊल टाकलं आणि मान वर गेली. गडद निळं छत, त्यावर सोनेरी तारे आणि मधोमध क्रूस. दारावर मेंढरांमध्ये बसलेला मेंढपाळ ख्रिस्त, भांड्याच्या काठावर पाणी प्यायला आलेली कबुतरं. खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर दगडाच्या पातळ फळ्या, त्यातून मधाच्या रंगाचा उजेड झिरपत होता. गर्दीच्या दिवसांत आत काही मिनिटंच थांबू देतात.

सोबतचे लोक निळ्या रंगाबद्दल बोलत होते, मी निळ्याच्या खालचं शोधत होते. हे नक्षीकाम मुख्यतः काचेच्या बारीक तुकड्यांचं. सोन्याचा तुकडा म्हणजे दोन काचांच्या मधला सोन्याचा वर्ख. आणि हे तुकडे बसवले आहेत ओल्या चुन्यात. एका दिवसात भरून होईल तेवढाच चुना थापायचा, आणि तो सुकायच्या आत एकेक तुकडा बोटानं दाबायचा. प्रत्येक तुकडा जरासा तिरका बसतो, म्हणूनच आपण सरकलो की तारे लुकलुकतात. तिथल्या कारागिरांची नावं शिल्लक नाहीत. पण त्यांनी चुना कधी सोडायचा आणि कधी धरायचा हे आमच्या बेगमपुऱ्यातल्या माणसाइतकंच ओळखलं होतं, याची मला खात्री पटली. भिंतीला हात लावायची मनाई होती. तरी माझा हात उचलला गेला.

परत आल्यावर फोटो घेऊन चाचांकडे गेले. वय झालं होतं, नजर अधू झाली होती. मी तारे दाखवत होते, मेंढपाळ दाखवत होते. त्यांनी एकच विचारलं, "खाली अस्तर किती थर?" मी जे वाचलं होतं ते सांगितलं. "बरोबर," म्हणाले, "एवढं पाहिजेच. नाहीतर काचेचं वजन ओढतं."

मग त्यांनी चाचींना वही आणायला सांगितली. मुलानं फरशीचं दुकान टाकलं होतं, चुना शिकणारं घरात कुणी उरलं नव्हतं. कुठल्या भिंतीला कोणतं प्रमाण, उन्हाळ्यात किती पाणी, घोटाई कधी थांबवायची, सगळं त्यांनी सांगितलं आणि मी उतरून घेतलं. मी मोबदल्याचं बोलले तेव्हा ते रागावले. आज माझ्या कामावर नवीन पोरं येतात तेव्हा तीच वही उघडते. त्यात एका पानाच्या कडेला चाचींनी मध्येच बोलून लिहायला लावलेलं आहे, "बेलफळाचं पाणी शिळं वापरू नको, वास येतो, तुझे चाचा सांगायचे विसरतात."