पहिल्या मजल्यावरची पुस्तकं

18 जुलै, लोणावळा
पावसाची झड थांबत नाही. आमचं वाचनालय पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. कुबड्यांवर चालणारे एक काका खाली पडवीतच थांबतात. पुतण्या वर येऊन त्यांचं पुस्तक बदलून नेतो. आज नवी आलेली पुस्तकं मीच पिशवीत घालून खाली नेली. काकांनी एकेक उघडलं, मलपृष्ठ वाचलं, अनुक्रमणिका पाहिली आणि दोन सोडून बाकीची परत केली. "पुतण्या आणेल ते वाचत आलो. असं नापसंत करायला कधी मिळालंच नव्हतं," म्हणाले.

घरपोच पुस्तक ही सोय चांगलीच. पण कपाटापुढे उभं राहून चाळणं, नाकारणं, भलतंच काही हाती लागणं हा वाचकाचा हक्क आहे, आणि तो जिन्याखाली अडकून पडलाय.

24 जुलै
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा, नियम 2017 चे. लोकांचा वावर असलेल्या जुन्या इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. ती मुदत 2022 मध्येच उलटली. मावळातली छोटी वाचनालयं मात्र अनुदानावर तगलेली, जागा बहुधा दुसऱ्याची. लिफ्टचा खर्च कोण करणार, हा प्रश्न खरा आहे. पण कपाटं खाली आणायला लिफ्ट लागत नाही.

2 ऑगस्ट, खंडाळा
इथे वृद्ध अंधांसाठी नॅब-लायन्सचं निवासगृह आहे. त्या वाटेने येताना ब्रेलचा विचार मनात घोळत होता. स्वागत थोरात यांनी 2008 मध्ये 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं, केवढं मोठं काम! पण उतारवयात दृष्टी गेलेल्याच्या बोटांना ते ठिपके सहजी उमगत नाहीत. ब्रेलमध्ये एका कादंबरीचे अनेक जाडजूड खंड होतात, आणि आमच्या दमट हवेत कागद सादळतो. अशा वाचकाला पुस्तक कानानेच द्यायला हवं.

12 ऑगस्ट
डॉ. रंगनाथन यांची जयंती, ग्रंथपाल दिन. हार घातला, भाषणं झाली. नंतर कामशेतहून लोकलने आलेली एक विद्यार्थिनी भेटली. तिला दिसत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करते. आमची ग्रंथसूची तिने मोबाईलवर लावली, तर नुसती निरर्थक अक्षरं ऐकू आली. यादी जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली, वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला ती कळणार कशी? युनिकोडमध्ये पुन्हा टंकायला आजच बसले.

तिला वाटत होतं, छापील पुस्तक स्कॅन करून घेणं बेकायदा आहे. तसं नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा दिव्यांग वाचकासाठी सुगम प्रत करायला मोकळीक देतो. याच हेतूने झालेल्या माराकेश कराराला 2014 मध्ये सर्वांत आधी मान्यता दिली ती भारताने. अशा सुगम पुस्तकांचं 'सुगम्य पुस्तकालय' 2016 पासून ऑनलाइन आहे. हे सगळं तिला वाचनालयात कुणी सांगितलंच नव्हतं. मग ग्रंथपाल कशासाठी असतो?

21 ऑगस्ट
उद्या कार्यकारिणीची बैठक. तळमजल्यावरच्या खोलीत मोडक्या खुर्च्या भरल्यात. ती रिकामी करून मागते आहे. नवी पुस्तकं पहिला महिनाभर तिथेच ठेवायची. एक स्कॅनर, एक हेडफोन, आणि 'सुगम्य'चा नोंदणी अर्ज भरून द्यायला आठवड्यातून एक दुपार मी. पायरीवर उतार करायला गवंडी बघून गेलाय, त्याचा अंदाज अर्जाला जोडलाय.