शेळगावच्या वस्तीवर चार दिवस

गेल्या दिवाळीत भाऊबिजेला आमच्या वन्संना माहेरी येता आलं नाही. शेतात ऊसतोड सुरू झालेली, सासूबाईंचा गुडघा धरलेला, आणि घर टाकून निघायचं तरी कसं? तेव्हा ठरलं, या वेळी भावानंच बहिणीकडे जायचं. ह्यांना रजा जेमतेम दोन दिवसांची. ओवाळून घेऊन ते परत फिरले. मी आणि तेरा वर्षांची लेक मात्र चार दिवस राहिलो. तेवढ्यात जे पाहिलं आणि जे घडलं, ते मैत्रिणींना सांगावंसं वाटलं.

वन्संचं सासर शेळगावचं. इंदापूर तालुक्यातलं, इंदापूर–बारामती रस्त्यावरचं हे गाव. आम्ही बार्शीहून एस. टी.नं निघालो. २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धंच तिकीट, त्यामुळे प्रवासाला निघताना पूर्वीसारखा हिशोब करावा लागत नाही. टेंभुर्णी सोडल्यावर भीमेचा पूल लागला. उजनी धरण तिथून जवळच. लेकीनं हात जोडले, आणि मला २१ मे २०२४ ची संध्याकाळ आठवली. करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला येणारी बोट त्या दिवशी वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहत काठाला लागला, सहा जण गेले. त्यांत दोन लहान लेकरं होती. रोजची वाट, रोजचं पाणी. संकट काही वेगळा रस्ता धरून येत नाही.

इंदापूरला गाडी बदलली. वाटेत निमगाव केतकीचे पानमळे दिसले. विड्याच्या पानांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. हाच रस्ता तुकोबारायांच्या पालखीचा. आषाढात पालखी बेलवाडीचं गोल रिंगण करून अंथुर्ण्याला मुक्काम करते आणि शेळगावावरून निमगाव केतकीला जाते. आम्ही गेलो तेव्हा वारकरी नव्हते, पण उसानं भरलेल्या ट्रॉल्यांची दिंडी मात्र अखंड चालू होती!

फाट्यावर वन्संची लेक स्कूटी घेऊन उभी. एकोणीस वर्षांची, बारामतीला कॉलेजात जाते. "मामी, बॅग पुढं द्या आणि माझ्या मागं बसा," असं म्हणून तिनं एका खेपेत मला आणि दुसऱ्या खेपेत माझ्या लेकीला वस्तीवर नेऊन सोडलं. डोक्यावर हेल्मेट होतं, हे पाहून मला बरं वाटलं.

या भागाची दोन रूपं आहेत. जिथं नीरा डाव्या कालव्याचं पाणी पोचतं, तिथं ऊस, केळी, डाळिंब, हिरवंगार. जिथं पोचत नाही, तिथं उघडं माळरान. १८७६–७७ च्या दुष्काळानंतर हा कालवा खोदायला घेतला. आज भाटघर आणि वीर धरणांचं पाणी त्यातून बारामती, इंदापूरकडे येतं. पाण्याची पाळी सुटली की घराघरांत धांदल. रात्री-अपरात्री दारं धरायला माणसं बाहेर पडतात, आणि पोरं दिवसभर पाण्याच्या आजूबाजूला घोटाळतात.

वन्संच्या वस्तीजवळूनच कालव्याची चारी जाते. तिथल्या बाभळीला एक जाड दोर गुंडाळून ठेवलेला, आणि दोराच्या टोकाला तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकण गच्च लावून बांधलेला. मला वाटलं, पाणी शेंदायला असेल. वन्संच्या सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "पानी काढायला न्हाई बाई, मानूस काढायला हाय त्यो."

त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. भाची आठ-नऊ वर्षांची असताना तिची नवी चप्पल पाण्यात पडली. पाण्याला ओढ. चप्पल हरवली तर आई बोलेल या भीतीनं पोर ती धरायला वाकली आणि आत गेली. नशीब बलवत्तर, पुढं धुणं धूत असलेल्या बाईनं लुगड्याचा पदर टाकून तिला ओढून घेतलं. त्या रात्री सासूबाईंनी घरातल्या सगळ्या पोरांना समोर बसवलं. म्हणाल्या, "चप्पल गेली, घागर गेली, मोबाइल गेला, जाऊ द्या. म्या दुसरं घीन. तुमी दुसरी मिळनार न्हाई." दुसऱ्या दिवशी बाभळीला दोर लागला.

पदराची गोष्ट ऐकून मला तमिळनाडूतली एक बातमी आठवली. ऑगस्ट २०२० मध्ये पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टरै धरणाच्या पाण्यात चार तरुण बुडत होते. काठावर धुणं धुणाऱ्या तीन बायकांनी क्षणाचा विचार न करता अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या. दोघे वाचले, दोघे नाही. त्या बायकांना पुढं तमिळनाडू सरकारनं कल्पना चावला यांच्या नावाचा शौर्य पुरस्कार दिला. बुडणाऱ्याला वाचवायला आपण उडी टाकली, की तो घाबरून आपल्यालाच मिठी मारतो आणि दोघंही जातात. म्हणून काठावरूनच साडी, ओढणी, दोर, काठी, रिकामा कॅन असं काही तरी त्याच्याकडे टाकायचं. हे मुलांना शिकवायला काय पैसे पडतात?

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कडबनवाडीला गेलो. शेळगावपासून जवळच आहे. पुणे वन विभागानं इथं आणि बारामतीकडच्या शिर्सुफळला गवताळ रानाची सफारी सुरू केली आहे. आधी नाव नोंदवायचं, वाटाड्या बरोबर घ्यायचा आणि जीपमधून फिरायचं. मी मनात म्हटलं, गवत काय बघायचं? पण सकाळच्या उन्हात ते सोनेरी रान पाहिलं आणि बोलणंच खुंटलं. झाडं विरळ, मधे मधे बोरी-बाभळी, आणि लांबवर तीन चिंकारा हरणं. आमची चाहूल लागताच शेपट्या हलवीत ती पसार झाली. लांडगाही इथं असतो, आम्हांला मात्र दिसला नाही.

परतताना वन्संच्या यजमानांनी बोट दाखवलं. "वहिनी, इकडंच कडबनवाडीच्या शिवारात ते विमान पडलं होतं."

२५ जुलै २०२२ ची गोष्ट. बारामतीहून विमान चालवायला शिकणारी बावीस वर्षांची मुलगी एकटीच छोटं विमान घेऊन निघाली होती. शिकाऊ वैमानिकांना असा एकट्यानं लांबचा पल्ला करावा लागतो. दुपारी बाराच्या आत, बारामतीपासून काही मैलांवर इंजिनाची ताकद गेली. तिनं विमान शेतात उतरवलं. विमान मोडलं, पण पोरगी बचावली, किरकोळ लागण्यावर निभावलं. शेतातली माणसं धावली, तिला मदत केली, आणि उपचारासाठी तिला आपल्या शेळगावातच आणलं.

"आणि मग?" माझ्या लेकीनं विचारलं.

"मग काय? दवापाणी केलं," वन्सं म्हणाल्या. "आभाळातून पडलेली लेक. आधी तिला पाणी द्यायचं, का 'कशाला गेली होतीस उडायला' म्हणून विचारत बसायचं?"

जीपमध्ये क्षणभर कुणी बोललं नाही. मग भाची चाचरत म्हणाली, "मामी, एक सांगू? रागावणार नाही ना?"

आईच्या काळजात हे वाक्य कसं लागतं, ते तुम्हांला सांगायला नको.

झालं होतं असं. आदल्या दिवशी सकाळी दोघी ऊसतोड मजुरांच्या कोप्यांकडे गेल्या होत्या. तिथं कुत्रीची पिल्लं होती. "तिकडं जाऊ नका" असं मी निघतानाच बजावलं होतं. लेकीनं एक पिल्लू उचललं, आणि त्यानं तिच्या पोटरीला दात लावले. थोडं रक्त आलं. दोघींनी ओढणीनं पुसलं आणि घरी न सांगायचं ठरवलं. दिवसभर लेक सलवार खाली ओढत होती, आणि मी म्हणत होते, पोर मोठी झाली, आता नीट कपडे सावरते!

माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "सांगितलं होतं ना, जाऊ नकोस म्हणून!" लेकीचे डोळे भरले. वन्संनी माझ्या हातावर हात ठेवला. "वहिनी, ते रात्री बोला. आत्ता साबण आणि पाणी."

मी खजील झाले. शाळेत मुलांना धीर देणारी मी, आणि स्वतःच्या मुलीला धीर द्यायच्या वेळी जीभ आधी चालली.

वस्तीवर पोचल्याबरोबर मोटारीच्या नळाखाली पाय धरला. साबण लावून, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. सासूबाई हळद घेऊन आल्या होत्या, त्यांना भाचीनं गोडीगुलाबीनं परत पाठवलं. कुत्र्याच्या चाव्यावर हळद, चुना, तिखट असलं काही लावायचं नाही, जखम घट्ट बांधायचीही नाही. तासाभरात आम्ही इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात होतो. डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली. रक्त आलं होतं, म्हणून लशीबरोबर जखमेत सीरमही दिलं. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. पुढच्या तारखा कागदावर लिहून दिल्या.

मी भीत भीत विचारलं, "बाई, दीड दिवस उलटलाय. उशीर तर झाला नाही?"

त्या म्हणाल्या, "चावल्याबरोबर आला असतात तर उत्तम. पण उशीर झाला म्हणून घ्यायचीच नाही, असं कधी करू नका. या रोगाची लक्षणं एकदा दिसली की बहुधा माणूस वाचत नाही. लक्षणांच्या आधी लस पूर्ण घेतली तर वाचतो. आणि पिल्लू लहान होतं म्हणून भीती नाही, असंही समजू नका."

दवाखान्याच्या बाकावर लेक माझ्या खांद्याला टेकून बसली. मी विचारलं, "अगं, काल का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तू ओरडली असतीस. आणि पुन्हा कुठं पाठवलं नसतंस."

मैत्रिणींनो, हे उत्तर मला चाव्यापेक्षा जास्त लागलं. आपण मुलींना जपतो म्हणजे काय करतो? जाऊ नको, धावू नको, हात लावू नको. पण पोरं जाणारच. स्कूटीवरून घसरणार, पाण्याकडे ओढली जाणार, पिल्लू दिसलं की उचलणार. आपला धाक त्यांना अपघातापासून नाही वाचवत, तो फक्त अपघात आपल्यापासून लपवायला शिकवतो. आणि लपवण्यात जो वेळ जातो, तोच जिवावर बेततो. भाची चपलेसाठी पाण्यात वाकली तीही बोलणी बसतील म्हणूनच.

घरी आल्यावर आम्ही मायलेकींनी एक करार केला. काही झालं, चूक कुणाचीही असो, पहिल्या तासात घरी सांगायचं. आणि मी आधी पाणी देईन, औषध करीन, मग प्रश्न विचारीन. प्रश्न विचारणार नाही, असं काही मी कबूल केलेलं नाही! स्वयंपाकघराच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर रुग्णवाहिकेचा १०८, पोलिसांचा ११२, जवळच्या दवाखान्याचा आणि दोन शेजारणींचे नंबर. मोबाइल बंद पडला तर पाठ असावा म्हणून लेकीकडून माझा नंबर रोज म्हणवून घेते. पूर्वी पाढे म्हणवून घेत, तसा.

पुढचे डोस आमच्या गावी झाले, एकही तारीख चुकवली नाही. लस सुरू केली तरी चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. ते काम भाचीनं अंगावर घेतलं. रोज संध्याकाळी कोप्यांकडे जाऊन, लांबूनच पाहून ती फोन करायची. "मामी, पिल्लू भाकरी खातंय." "मामी, आज आईच्या अंगावर उड्या मारत होतं." दहाव्या दिवशी फोन आला, "मामी, मजेत आहे. मजुरांच्या पोरांनी त्याचं नाव वाघ्या ठेवलंय."

मी देवापुढं साखर ठेवली. लेक शेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आई, अजून एक सांगायचंय. आत्याकडे तुझी ती निळी ओढणी मी रक्त पुसायला घेतली होती. डाग निघाला नाही."

तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं. म्हटलं, "बरं झालं सांगितलंस. आण इकडं, थंड पाण्यात भिजत घालू."